मासे मेलेले दिसत नाहीत, तरी कमी का होतात? गोव्यातलं पाणी, त्यातलं विष आणि माशांची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीत मासे मरून तरंगले की वर्तमानपत्रात फोटो येतो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय मिटतो. डिचोली, पेडणे, सत्तरीतली माणसं मात्र वेगळंच विचारतात: मेलेलं नुस्तं (मासळी) कुठे दिसत नाही, मग गळाला, पागाला (फेकजाळ्याला) पूर्वीसारखं लागत का नाही? याला कारणं बरीच आहेत. बेसुमार मासेमारी आहे, बुजवलेली खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) आहेत, मोडलेल्या मानशी (भरतीचं पाणी अडवणारी दारं) आहेत. या पानावर फक्त एका कारणाबद्दल लिहिलं आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

मासे मरत नसतील तर पाणी चांगलं, असं धरायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. पूर्ण वाढलेला मासा बराच चिवट असतो. घाण पाणी आलं तर तो बाजूला सरतो, यकृतात विषाचा काही भाग निकामी करतो, काही काळ उपाशी राहूनही तग धरतो. अंड्याला आणि नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला यातलं काहीच जमत नाही. विषाच्या ज्या प्रमाणात मोठ्या शेवट्याला (खाडीतल्या एका माशाला) काही होत नाही, त्याच प्रमाणात त्याची पिल्लं वाकड्या कण्याची निघू शकतात.

अशी पिल्लं तरंगत वर येत नाहीत. मिलिमीटरभर लांबीचा जीव मेला की तासाभरात कोणाच्या तरी पोटात जातो. कोणी फोटो काढत नाही, कोणी तक्रार करत नाही. दोन-तीन वर्षांनी त्या जागी मोठा मासा नसतो एवढंच. मेलेले मासे मोजून पाण्याची परीक्षा करायची सवय आपण सोडली पाहिजे, असं मला फार वाटतं.

अंडं आणि पिल्लू इतकं नाजूक का असतं?

कारण तिथे सगळं एकदाच आणि फार वेगाने घडतं. प्रयोगशाळांत सर्वात जास्त वापरला जाणारा झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. त्याच्या पारदर्शक अंड्यात साधारण 24 तासांत हृदय धडधडायला लागलेलं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. उष्ण समुद्रातल्या कित्येक माशांची अंडी तर साधारण दिवसाभरातच फुटतात. त्या थोड्या तासांत डोळे, कणा, हृदय, मेंदूचे कप्पे ठरलेल्या क्रमाने तयार होतात. नेमक्या त्या वेळी पाण्यात शिसं, कीटकनाशक किंवा तेलाचे अंश असले, तर जो अवयव तेव्हा घडत असेल तो बिघडतो. पाणी दुसऱ्या दिवशी स्वच्छ झालं तरी तो बिघाड परत दुरुस्त होत नाही.

शिवाय बरीचशी विषं पिल्लाला आईकडूनच मिळतात. चरबीत मुरणारी रसायनं आणि काही धातू मादीच्या शरीरातून अंड्यातल्या बलकात उतरतात, आणि पिल्लाचं पहिलं अन्न तो बलकच असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या बेल्यूज तलावात 1970 च्या दशकात वीजप्रकल्पाच्या कोळशाच्या राखेतून सेलेनियम गेलं. मोठे मासे पोहत होते, पण त्यांची पिल्लं वाकडी होत होती, जगत नव्हती. माशांच्या 20 जातींपैकी 19 त्या तलावातून नाहीशा झाल्या.

तेलाने पिल्लाचं काय बिघडतं? आपल्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे त्यातलेच का?

अलास्कात 1989 साली एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, त्यानंतर हेरिंग आणि सामन माशांच्या अंड्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. कच्च्या तेलात काही विशिष्ट हायड्रोकार्बन असतात. ती हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा अडवतात, त्यामुळे ठोके मंद आणि अनियमित पडतात. हृदयाभोवती पाणी साठतं, जबडा नीट वाढत नाही. सौम्य मात्रेत पिल्लू वरून अगदी धडधाकट दिसतं, पण हृदयाचा आकार किंचित बदललेला असतो. पुढे मोठं झाल्यावर त्याला जोरात पोहता येत नाही, आणि समुद्रात जोरात पोहता न येणारा मासा फार दिवस टिकत नाही.

डांबरगोळे म्हणजे समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी सोडलेलं तेल उन्हावाऱ्याने घट्ट होऊन बनलेले गोळे. आपल्याकडे ते मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतात. ताज्या तेलाइतके ते घातक नसतात, कारण त्यातला हलका भाग उडून गेलेला असतो. पण गोळा किनाऱ्यावर आला म्हणजे त्याचं ताजं तेल बाहेर समुद्रात कुठेतरी पसरून गेलेलं असतं, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

माशाची वागणूक बदलते म्हणजे नेमकं काय होतं?

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मासा वासावर जगतो. अन्न, जोडीदार, जन्माचा ओढा, जवळ आलेला शत्रू, सगळं त्याला नाकातून कळतं. काही जातींच्या माशांची कातडी फाटली की पाण्यात एक पदार्थ सुटतो आणि तो वास लागताच आसपासचे जातभाई तळाला जाऊन निश्चल होतात. सामन जातीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरमागे दोन-चार मायक्रोग्रॅमने जरी वाढलं, तरी काही तासांच्या आत हा वास घेण्याची क्षमता मंदावते. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात दोन ग्रॅम. त्या पिल्लाला शत्रूचा इशारा मिळतच नाही. ते पोहत राहतं आणि खाल्लं जातं. शवचिकित्सेत मृत्यूचं कारण तांबं असं कधीच येणार नाही.

आता हे आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत आणून बघा. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी आपण पावसाच्या तोंडाला आणि पुन्हा पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतो: 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. किलोभर मोरचुदात साधारण पाव किलो तांबं असतं. त्यातलं बरंचसं झाडावर, मातीत आणि पालापाचोळ्यात अडकून राहतं, हे खरं. पण कुळागर व्हाळाला (ओढ्याला) लागून असतं, फवारा थेट पाण्यावर पडतो, उरलेलं मिश्रण आणि पंप त्याच व्हाळात धुतला जातो. आपल्या जांभ्या मुलखातलं गोडं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, आणि मऊ पाण्यात तांबं माशांना जास्त बाधतं. खाऱ्या पाण्यात हा परिणाम बराच कमी होतो. म्हणजे धोका खाडीपेक्षा वरच्या व्हाळांना अधिक. बागायतदाराने फवारणी सोडावी असं कोणी म्हणणार नाही, कोळेरोगाने वर्षाचं पीक जातं. पण पंप व्हाळात धुऊ नये आणि उरलेलं मिश्रण पाण्यापासून लांब, मातीत जिरवावं, एवढं आजपासून करता येतं.

कीटकनाशकांचं काम वेगळ्या मार्गाने चालतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंतलं एक आवश्यक एन्झाइम अडवतात. किड्यात जे घडतं तेच माशातही कमी प्रमाणात घडतं: पोहणं मंदावतं, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला तुलनेने सौम्य, पण मासे, सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्यांना (खेकड्यांना) अतिशय जहाल आहेत.

आणि माणसांची औषधं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली पर्च माशांना ऑक्झाझेपाम या चिंताशामक औषधाच्या, नदीत खरोखर सापडणाऱ्या मात्रेत ठेवलं. मासे धीट झाले, थवा सोडून एकटे हिंडू लागले, भराभर खाऊ लागले. ऐकायला हे बरंच वाटतं. पण थव्यात राहणं हेच ज्याचं संरक्षण, त्याने थवा सोडला तर पुढे काय होणार ते आपण सगळे जाणतो.

पहिल्या पावसाचा याच्याशी काय संबंध?

गोव्यापुरता हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यांवर, खाणींच्या ढिगाऱ्यांवर, गटारांत, शेतांत जे साचतं, ते जूनच्या पहिल्या दोन-चार सरींत एकदम नदीत येतं. आणि नेमक्या याच दिवसांत आपले गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला वर चढतात. चढणीचे मासे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. चणकही (जिताडा) पावसाळ्यात नदीच्या मुखाशी अंडी घालते आणि तिची पिल्लं खारफुटीत, खाजनात वाढायला येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवतो, ते याच विणीच्या हंगामासाठी. जाळं थांबवलं ते योग्यच झालं, पण त्याच आठवड्यात वर्षाचा मळ आपण त्या अंड्यांवर ओततो, हे कुणाच्या हिशेबात नाही.

रस्त्यावरचा मळ म्हणजे नुसतं ऑइल आणि धूळ नव्हे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सामन पावसानंतर ओढ्यांत पटापट मरायचे आणि वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. 2020 मध्ये ते सापडलं: टायरचं रबर टिकावं म्हणून घातलेल्या एका रसायनाचं ओझोनशी संयोग होऊन बनणारं नवं रसायन. सगळ्या जातींवर त्याचा सारखा परिणाम होत नाही, काही जाती त्याला दादही देत नाहीत. आपल्या माशांना हेच होतं असा दावा मी करत नाही. पण टायर झिजतात तिथे आणि पाऊस पडतो तिथे हे रसायन पाण्यात येतंच, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर आहे.

खाणीच्या लाल गाळाने माशांना काय होतं? लोखंड तर विषारी नसतं ना?

लोखंड शरीराला लागतं, पण कल्ल्यावर बसलेला बारीक गाळ लागत नाही. कल्ल्यांची कातडी अतिशय पातळ असते, कारण तिच्यातूनच ऑक्सिजन आत घ्यायचा असतो. खनिजाची बारीक पूड तिथे बसली की ती सुजते, चिकट स्राव वाढतो आणि तेवढ्याच पाण्यातून माशाला कमी ऑक्सिजन मिळतो. तळाशी घातलेल्या अंड्यांवर गाळाचा थर बसला की ती गुदमरतात. पाणी गढूळ झाल्यामुळे डोळ्यांनी शिकार करणारे मासे उपाशी राहतात. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपल्यातले जीव पाणी गाळूनच जगतात, त्यांना तर सुटकाच नाही.

पुढचं चित्र नदीच्या मुखाशी दिसतं. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की पाण्यातलं लोह गोळा होऊन तळाला बसतं आणि जाताना बरोबर इतर धातूही ओढून नेतं. पाणी वरून निवळ दिसतं, धातू चिखलात जमा होतात. आपल्या खनिजात मॅंगनीजही असतं. तळाचा ऑक्सिजन संपला की मॅंगनीज पुन्हा पाण्यात विरघळतं. गाळ उपसला की बाकीचंही वर येतं. त्यामुळे 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तरी मांडवी आणि जुवारीच्या तळाचा हिशेब त्या दिवशी मिटला नाही. खाणी पुन्हा सुरू होताना ढिगाऱ्यांचा निचरा कुठे जातो आणि गाळ अडवायची तळी पावसाआधी रिकामी केली का, हे प्रत्येक गावाने विचारायलाच हवं.

बोटींच्या रंगाबद्दल काय ऐकायला येतं?

बोटीच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन असायचं. लिटरमागे नॅनोग्रॅमभर, म्हणजे मायक्रोग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढ्या मात्रेत समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायची आणि काहींची अंडी आतच अडकायची. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींतही हे नोंदलं गेलं. झेब्राफिशची पिल्लं या रसायनात वाढवली तेव्हा त्यांत नरांचं प्रमाण वाढलं. 2008 पासून जहाजांवर त्याचा वापर जगभर बंद आहे. बंदरांच्या जुन्या गाळात ते अजून राहू शकतं. हल्लीचे बरेचसे रंग तांब्याचे असतात.

सांडपाण्याने पाण्याला वास येतो, पण माशांच्या वाढीचं काय?

दोन गोष्टी होतात. पहिली ओळखीची: मैल्यामुळे जिवाणू वाढतात आणि ते ऑक्सिजन खातात. मडगावातून येणाऱ्या साळ नदीच्या काठावर राहणाऱ्यांना हे समजावायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे होते आणि त्यांपैकी 11 आपल्या एवढ्याशा राज्यातले होते. मैल्यातला अमोनियाही लक्षात घ्या. पाणी जितकं उष्ण आणि जितकं अल्कधर्मी, तितका तो माशाला अधिक बाधतो.

दुसरी गोष्ट संप्रेरकांची (हार्मोन्सची). कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम राहील इतकं सोडलं. नर माशांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनू लागलं, काहींच्या वृषणात अंडपेशी दिसल्या आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तलावातून जवळजवळ संपला. मेलेले मासे तरंगले नाहीत, नवी पिढी आली नाही. मला यात आपली चणक आठवते. ती आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते आणि मोठी झाल्यावर मादी होते, आणि हा बदल संप्रेरकांवरच चालतो. असा मासा ज्या खाडीत वाढतो तिथे हॉटेलांचं आणि वसाहतींचं प्रक्रिया न केलेलं पाणी सोडणं हा शुद्ध बेपर्वाईचा प्रकार आहे.

एकाएकी मासे मेले तर कोणीतरी विष सोडलं असंच समजायचं का?

नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी नैसर्गिकरीत्या वर येतं. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर दीर्घ काळ काम केलं आहे. किनाऱ्यावरून वाहून जाणाऱ्या खतांनी ही स्थिती आणखी बिघडते, असं त्यांचं सांगणं आहे. बंद खाजनात आणि तळ्यात शेवाळ माजलं की पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो.

ओळखायच्या काही खुणा आहेत. ऑक्सिजन कमी पडला तर मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकतात, बहुधा पहाटे, आणि सहसा मोठे मासे आधी मरतात. विषाने बरेचदा लहान मासे आधी जातात, वेळेचं बंधन नसतं, काही मासे गोल गोल फिरतात किंवा झटके देतात. सुंगटं आणि कुर्ल्या आधी मेल्या तर कीटकनाशकाचा संशय घ्यावा. या खुणा पक्का पुरावा नव्हेत, पण तपासणी कशाची करायची हे त्यावरून ठरतं.

प्लास्टिकच्या कणांचं काय?

साळ नदीच्या मुखातल्या शिंपल्यांत आणि माशांत ते सापडले आहेत. पिल्लांच्या पोटात ते अन्नाची जागा घेतात. आजच्या घडीला माशांच्या वाढीच्या दृष्टीने मी सांडपाणी, धातू आणि कीटकनाशकं यांना त्यांच्या आधी ठेवेन.

मग नुस्तं खायचं की नाही?

खायचं. बांगडे आणि तारल्या कमी आयुष्याच्या आणि अन्नसाखळीत खालच्या, त्यांच्यात पारा कमी असतो. मोरी (शार्क) आणि फार मोठे शिकारी मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत, कारण मिथाइल पारा (शरीरात साठणारं पाऱ्याचं रूप) मांसातच बसतो आणि शिजवून किंवा धुऊन जात नाही. जपानमध्ये मिनामाताला 1956 साली रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली. तिथे कित्येक आयांना फारसा त्रास नव्हता आणि बाळं मात्र मेंदूला इजा घेऊन जन्मली. अंड्याबद्दल वर जे सांगितलं तेच माणसाच्या गर्भालाही लागू आहे.

तिसऱ्या, खुबे, कालवं सांडपाण्याच्या तोंडाजवळची घेऊ नयेत. उकळल्याने जंतू मरतात, धातू राहतात. 2018 च्या जुलैमधला फॉर्मेलिनचा गोंधळ हा वेगळा विषय आहे. ते नदीतून येत नाही, मासा पकडल्यानंतर टिकवण्यासाठी वापरल्याचा तो आरोप होता.

पाणी सुधारलं तर मासे परततात का?

बऱ्याचदा, हो. कॅनडातल्या त्या तलावात इस्ट्रोजेन थांबवल्यावर काही वर्षांत मिनो पुन्हा वाढले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायी रंगावरच्या बंदीनंतर परतल्या. बेल्यूज तलावात मात्र सेलेनियम गाळात बसल्याने दहा वर्षांनीही त्याचा माग उरला होता. जे पाण्याबरोबर वाहून जातं किंवा विघटित होतं ते लवकर सुटतं, जे चिखलात मुरतं ते रेंगाळतं. आणि मासे परतायला वाढायची जागा शिल्लक लागते. खारफुटी तोडून आणि खाजन बुजवून झाल्यावर पाणी स्वच्छ केलं, तर पिल्लं येणार कुठे?

मेलेले किंवा विचित्र वागणारे मासे दिसले तर काय करावं?

वेळ, जागा आणि भरती होती की ओहोटी, हे आधी लिहून ठेवा. भरतीचं पाणी घाण वरच्या बाजूलाही ढकलतं, त्यामुळे नुसत्या जागेवरून उगम सापडत नाही. मासे कसे वागत होते त्याचा व्हिडिओ घ्या. पाण्याचा नमुना लगेच घ्या, दुपारी अधिकारी येईपर्यंत विष पुढे निघून गेलेलं असतं. दोन बाटल्या भरा: कीटकनाशक आणि तेलासाठी काचेची, धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकची. पृष्ठभागाच्या थोडं खालून भरा. शक्य असेल तर वरच्या बाजूला, जिथे मासे ठीक आहेत तिथूनही एक नमुना घ्या, तुलनेशिवाय अहवालाला किंमत राहत नाही. ऑक्सिजन मात्र जागेवरच मोजावा लागतो.

मासे नुकतेच मेलेले किंवा मरणाच्या वाटेवरचे घ्या, कुजलेले नकोत. स्वच्छ पिशवीत घालून बर्फात ठेवा. हातमोजे घाला, आणि ते मासे कोणी घरी नेत असेल तर थांबवा. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्य खात्याला त्याच दिवशी लेखी कळवा, पंचायतीला प्रत द्या आणि पोच घ्या. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या वेळी तर मेलेला मासा दिसायची वाट न बघता नमुना घेऊन ठेवावा, एप्रिल-मेमधल्या त्याच जागेच्या नमुन्यासोबत.